डोळ्याचा फोटो आणि सातबारा

सूस, सोमवार

प्रिय साळूमावशी,

तुम्हाला 'प्रिय' लिहावं की 'तीर्थरूप', यात दोन कागद वाया गेले. तीर्थरूप वाचलं की तुम्ही म्हणाल, ही पोरगी आता उसने पैसे मागणार. म्हणून प्रिय. हे पत्र तुम्ही स्वतः वाचत नाही आहात, हेही मला माहीत आहे. तुमच्या घरी कागदावर आलेली कुठलीही गोष्ट, मग ती लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो नाहीतर ग्रामपंचायतीची नोटीस असो, दुपारच्या चहानंतर ओट्यावर बसून पिंकीने मोठ्याने वाचायची आणि आळीतल्या बायांनी तांदळातले खडे निवडत ऐकायची, असा रिवाज आहे. एवढी तीन मजली इमारत बांधली, खोल्या काढल्या, पण ओटा पाडू दिला नाहीत तो याच बैठकीसाठी. "आमच्या घरात झाकून ठिवन्यासारखं काय न्हाई," असं तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. तेव्हा पिंकी, तू आवाज मोठा ठेव. कॉलेजात शब्द गिळून बोलतेस तसं इथे चालणार नाही, तुळजाबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं.

गेल्याच महिन्यात तुमची खोली सोडून मी सूसला आले. आता तुम्ही विचाराल, सूस काय आणि माण काय, ट्रॅफिक नसेल तर वीस मिनिटांचा रस्ता (आणि ट्रॅफिक नसेल असा दिवस मी अजून पाहिलेला नाही), मग पत्र कशाला? कारण फोन केला की तुम्ही "हां हां, बगू" म्हणून तो गेणबाकाकांच्या हातात देता, आणि काका फोनवर नुसता श्वास घेतात. घरी यावं तर त्याहून वाईट. लागोपाठ तीन रविवार मी आले. तिन्ही वेळा, ज्या कामासाठी डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलं आहे त्याचं नाव काढायच्या आत माझ्यापुढे ताट आलं. भाकरी, ठेचा, वर दही. हात धुऊन गाडीला किक मारली तेव्हा लक्षात आलं की विषय निघालाच नाही. घरात तुम्ही चष्म्याचा नंबर काढायचाय म्हणून सांगून ठेवलंय, असं कळलं. बरं, चष्मा तर चष्मा. डोळा तुमचा आहे. त्याचं मी शेवटी बघते. आधी मला तुमचं कौतुक करायचं आहे, आणि ते मी तोंडावर कधी नीट केलेलं नाही. पिंकी, आजी मध्येच "पुरं" म्हणाल्या तरी थांबू नकोस. तशा त्या म्हणणार नाहीत म्हणा. स्वतःचं कौतुक चालू असताना त्यांनी कुणाला थांबवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मी नांदेडहून नोकरीसाठी आले, तुमच्या दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली घेतली, तेव्हा तुमच्या लेखी मी 'कंप्युटरवाली' होते. वरच्या तिन्ही मजल्यांवर सगळे कंप्युटरवालेच राहायचे, त्यामुळे तुम्ही आणखी काही विचारायच्या भानगडीत पडला नाहीत. एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना मात्र तुम्ही विचारलंत, की तू नेमकं करतीस काय? मी म्हटलं, कॅमेरा बनवतो आम्ही, डोळ्याच्या आतला फोटो काढायचा. तुम्ही म्हणालात, "डोळ्याच्या आत काय हाय फोटो काडन्यासारखं?" मग मी सांगितलं. आपल्या अंगात सगळीकडे रक्ताच्या नळ्या आहेत, पण चिरफाड न करता त्या उघड्या दिसतील अशी जागा एकच, बाहुलीतून आत डोकावलं की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर. रक्त प्राणवायू घेऊन येतं तेव्हा लालभडक असतं, तो देऊन परत निघालं की काळपट होतं. आमचा कॅमेरा एकाच वेळी दोन रंगांच्या उजेडात फोटो काढतो. एका उजेडात दोन्ही रक्तं सारखीच दिसतात, दुसऱ्यात प्राणवायू संपलेलं रक्त जास्त काळं दिसतं. दोन्ही फोटोंतला फरक मोजला की कुठल्या नळीत किती प्राणवायू आहे ते कळतं. मग संगणक त्या नळ्या रंगवून दाखवतो, भरलेल्या तांबड्या, रिकाम्या हिरव्या-निळ्या. हे सगळं मी कंपनीत मोठमोठ्या लोकांना सांगते तेव्हा ते माना डोलावतात आणि विसरतात. तुम्ही पापड उलटत म्हणालात, "म्हंजी पाटाचं पानी. येताना किती आलं आन वाफं भिजवून खाली किती उरलं, त्येच्यावरनं वाफ्यानं किती प्यालं ते कळतं." मावशी, मी नोकरीला लागल्यावर मला हे समजायला महिना लागला होता. त्या दिवसापासून मी तुम्हाला मनातून मानायला लागले. भाडं वेळेवर द्यायला लागले तेही तेव्हापासूनच.

आमची अडचण अशी होती की 'चांगला डोळा' म्हणजे किती प्राणवायू, याचे जे आकडे आमच्याकडे होते ते सगळे परदेशातल्या गोऱ्या माणसांचे. त्यांचे डोळे आतूनही फिकट असतात. आपल्या डोळ्यांचा पडदा जास्त सावळा, तो उजेड जास्त पितो, आणि आकडे बदलतात. आपल्या माणसांचे आकडे नसतील तर कॅमेरा चांगल्या डोळ्याला वाईट म्हणेल आणि वाईटाला चांगलं. म्हणून आमच्या कंपनीतल्या निरंजन डॉक्टरांनी ठरवलं, माणमध्येच शिबिर घ्यायचं, पन्नाशीच्या पुढच्या धडधाकट बायकांचे फोटो काढायचे. देवळाच्या सभामंडपात आम्ही काळे पडदे लावले, कॅमेरा मांडला, चहाचा थर्मास ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या तिघांशिवाय तो चहा कुणी प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांना वाटलं बायका लाजतात. खरं कारण तुमच्याकडून कळलं. गावात बोलवा उठली होती, की डोळ्याचा फोटो दिला की सातबारा जातो. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. ज्या गावात निम्मी शेतं कंपन्यांखाली गेली, आणि जाताना प्रत्येक वेळी कुणीतरी शर्ट-पँटवाला मशीन घेऊन आला, अंगठा घेतला, डोळा घेतला, "हितं बगा" म्हणाला, त्या गावातल्या बाईने आणखी एका मशीनपुढे डोळा उघडायला का यावं? मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते.

तुम्ही काय केलंत ते मी आमच्या ऑफिसात इतक्यांदा सांगितलंय की आता लोक मी तोंड उघडलं की उठून जातात. तुम्ही भाषण केलं नाहीत, कुणाची समजूत काढली नाहीत. पिंकीला सांगून मोबाइलवर तुमच्या नावाचा सातबारा काढायला लावलात आणि ओट्यावर सगळ्यांना दाखवलात. मग पायात चपला घातल्यात, सभामंडपात आलात, स्टुलावर बसून "घे गं फोटू" म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सातबारा काढलात, परत दाखवलात. नाव जागच्या जागी, गुंठाही हललेला नाही. तरी तुळजाबाई म्हणाल्या, सरकारी काम हळू चालतं, आठ दिवस थांबून बघू. (तुळजाबाई, रागावू नका, हे तुम्ही म्हणाला होतात.) तेवढ्यात रिकाम्या प्लॉटवर शेरडं चारायला आलेल्या तुकाबाई काठी टेकवून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "माज्या नावावर जमीनच न्हाई, माजं काय न्हेत्याल? माजा काड." आणि शेरडं सभामंडपाच्या खांबाला बांधून त्या आत आल्या. त्यांच्या मागोमाग मग रांगच लागली. निरंजन डॉक्टर मला हळूच म्हणाले, या दोन बायकांना आपल्या कंपनीत घ्यायला हवं. मी म्हटलं, परवडणार नाहीत.

बाहुली मोठी व्हायला डोळ्यात थेंब घालावे लागतात आणि मग तीन-चार तास उजेड सोसत नाही, जवळचं धड दिसत नाही. हे आम्ही सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि भर दुपारी देवळातून घरी जाणं वेगळं. त्या दिवशी तुमचाही फोटो पडताळ्यासाठी परत काढला होता. तुम्ही सगळ्या पदर पुढे ओढून, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून, एका ओळीत निघालात. पुढे तुम्ही, शेवटी तुकाबाई आणि त्यांची शेरडं. समोरून कंपन्यांची पहिली पाळी सुटल्याची गर्दी, बसेस, मोटारसायकली. एरवी या रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला कुणी वाट देत नाही. तुम्ही हात वर केलात, मोठ्याने "थांबा रं!" म्हणालात, आणि सगळा रस्ता थांबला. तुम्हाला समोरचं काहीही दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. तुमच्यामागून येणाऱ्या एकीलाही त्याची शंका आली नाही. मी सभामंडपाच्या पायरीवर उभी होते आणि मला रडूही येत होतं आणि हसूही.

आणि एवढं करून आकडे आले ते सगळे विस्कटलेले. एकीच्या नळ्या बारीक, दुसरीच्या ठीक, एकीचा प्राणवायू वर, दुसरीचा खाली, कशाचा कशाला मेळ नाही. सकाळी आलेल्या बायकांचं वेगळंच, दुपारी आलेल्यांचं आणखी वेगळं. मी कॅमेरा खोलला, आरसे पुसले, दिवे बदलले, परत जोडला, परत खोलला. डॉक्टरांनी कॅमेऱ्याचं खोकं शोधून ठेवलं, त्यावरून कळत होतं की तो आता कपाटात जाणार. आम्ही प्रत्येकीला विचारलं होतं, तंबाखू खाता का? विडी ओढता का? कारण तंबाखूने नळ्या आखडतात आणि असल्या मोजमापाचा चुथडा होतो. एकजात सगळ्यांनी 'न्हाई' म्हटलं होतं, आणि काही जणी असला प्रश्न विचारल्याबद्दल रागावल्याही होत्या. मग एका सकाळी मी ब्रश घेऊन खाली आले, तर तुम्ही नेहमीसारख्या पायरीवर बसून बोटाने काळी पूड हिरड्यांवर घासत होतात. रोज बघायचे मी ते. मला वाटायचं कोळशाचं दंतमंजन असेल. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी विचारलं, मावशी, हे काय आहे? तुम्ही पिंक टाकून म्हणालात, "मिश्री." कशाची? "तंबाखूची. तव्यावर भाजून कुटायची." मी म्हटलं, मग तुम्ही तंबाखू खात नाही असं का सांगितलंत? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की ही पोरगी इंजिनियर झाली कशी. "मी कुटं खाती? मी दात घासती."

कुणीही खोटं बोललं नव्हतं. आम्हीच विचारायला चुकलो होतो, आणि तुमच्यापैकी प्रत्येकीने अगदी खरं उत्तर दिलं होतं. आदल्या रात्रीपासून मिश्री बंद करून परत फोटो काढायचे म्हटल्यावर ओट्यावर जो गहजब झाला, तो मी वरच्या मजल्यावरून ऐकला. एकीचं डोकं चढेल, दुसरी म्हणाली तिच्याशिवाय परसाकडं होत न्हाई, तिसरी म्हणाली सातबारा न्या पण मिश्री नका नेऊ. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि संध्याकाळी घरोघर फिरून प्रत्येकीची डबी गोळा केलीत. सगळ्या डब्या तुमच्या फडताळात, कुलूप लावलेलं, किल्ली तुमच्या कमरेला. आणि सर्वात वर तुमची स्वतःची, कारण तुमचीसुद्धा तलफ काही कमी नव्हती. सकाळी सगळ्या जणी अशा चिडून आल्या होत्या की एकीने डॉक्टरांना "लवकर आटप रं बाबा" म्हटलं. तुळजाबाईंनी दुसरी डबी चंचीत लपवली होती, ती तुम्ही त्यांच्या काळ्या बोटावरून पकडलीत आणि त्यांना रांगेतून काढून उद्या या म्हणालात, तेही अशा आवाजात, की त्या दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी हजर होत्या.

त्या फेरीचे आकडे आले ते पाहून मी ऑफिसात खुर्चीवरून उठले आणि परत बसले. सगळ्यांचे एका ओळीत, सरळ, मेळ बसणारे. ओट्यावरच्या बायकांनो, हे तुम्ही केलंत. तुमच्यासारख्याच सावळ्या डोळ्यांची बाई, मग ती पौडची असो नाहीतर आमच्या नांदेडची, उद्या या कॅमेऱ्यापुढे बसली, की तिचा डोळा चांगला की वाईट हे तो तुमच्या डोळ्यांशी ताडून सांगणार आहे. निरंजन डॉक्टर हे सगळं दिल्लीला मोठ्या सभेत मांडून आले. तिथे कुणीतरी विचारलं, इतक्या शिस्तीने तपासणी कशी करवून घेतलीत? डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे एक बाई आहेत, त्यांच्याकडे किल्ली असते. लोकांना ते काही समजलं नाही, पण मला समजलं आणि मला फार अभिमान वाटला. मी तुमची भाडेकरू होते, हे त्या दिवशी मी तीन जणांना न विचारता सांगितलं.

पिंकी, आता जरा पाणी पी, आणि पुढचं सावकाश वाच.

त्याच फेरीत, मावशी, तुमचा फोटो मी काढला. उजवा डोळा झाला, मग डावा. तुम्ही हनुवटी टेकवून बसला होतात आणि तुळजाबाईंच्या चंचीची गंमत मला सांगत होतात. पडद्यावर तुमचा डावा डोळा रंगून आला. परत जाणाऱ्या नळ्या हिरव्या दिसायला हव्यात, तशा त्या होत्या. फक्त वरच्या बाजूची एक नळी निळी होती. गर्द निळी, फुगलेली, नागमोडी. ती रक्ताने भरली होती आणि तिच्यात प्राणवायू जवळजवळ नव्हता, म्हणजे तिच्यातलं रक्त पुढे सरकतच नव्हतं. आधीच्या फेरीतल्या फोटोत ते नव्हतं, मी तिथल्या तिथे उघडून पाहिलं. तुम्ही हसत होतात आणि मी कॅमेऱ्यामागे होते, म्हणून तुम्हाला माझं तोंड दिसलं नाही. मी डॉक्टर नाही, मला काही सांगायची परवानगी नाही. मी म्हटलं, मावशी, जरा बसा, डॉक्टरांना बोलावते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. रक्तदाबामुळे जाणारी नळी येणाऱ्या नळीखाली दबली आणि तुंबली. पडद्याला सूज आली आहे. दिवसेंदिवस त्या डोळ्याने धुकट दिसत जाईल. त्यावर उपाय आहे, डोळ्यात इंजेक्शन, महिन्याला एक, असे काही महिने. पहिलं जितकं लवकर तितकी नजर जास्त वाचते, आणि फार उशीर झाला की गेलेली परत येत नाही. हे डॉक्टरांनी तुम्हाला नीट सांगितलं. तुम्ही विचारलंत, कसली तरी का होईना पण गोळी नाही का? रक्तदाबाची गोळी तेवढी घेतलीत, घरी आलात, आणि सांगितलंत, चष्म्याचा नंबर वाढलाय.

तेव्हापासून तीन गुरुवार गेले. पहिल्या गुरुवारी भात झोडायचं होतं. दुसऱ्या गुरुवारी पिंकीची परीक्षा होती (पिंकी, होती का गं?). तिसऱ्या गुरुवारी तुम्ही मला फोनवर खरं बोललात. म्हणालात, "पोटावर टाकं घाल, हात काप, पर डोळ्यात सुई न्हाई. दुसरा हाय की डोळा. येकानं बी दिसतं." आणि फोन काकांना दिलात. मी त्या दिवशी रात्रीपर्यंत चिडून होते. मग माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत मी तुम्हाला घाबरलेलं कधी पाहिलंच नाही, म्हणून मला ते ओळखता आलं नाही. ज्या बाईने सगळ्यांच्या आधी स्टुलावर बसून दाखवलं, काही दिसत नसताना रस्ता थांबवला, तिला भीती वाटू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाटते ना? मलाही वाटली असती. डॉक्टरांची शप्पथ, सुई टोचायच्या आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, मी कितीतरी जणांना ते घेऊन उठताना पाहिलंय, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "झालं?" पण तुम्ही एकटीने घाबरत बसायचं आणि बाकी सगळ्यांना आपण डोळ्यांच्या बाबतीत शहाणं केलं म्हणून मिरवायचं, हे मला चालणार नाही. जिच्या डोळ्यांशी उद्या सगळ्यांचे डोळे ताडून बघायचे, तिचाच एक डोळा माझ्या डोळ्यांदेखत विझू द्यायचा, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. माझी आई नांदेडला आहे आणि ती माझी आहेच, पण माणमध्ये मला ताप आला तेव्हा दोन मजले चढून पेज घेऊन कोण आलं होतं? मला तुमचा तो डोळा हवा आहे, मावशी. त्याने तुम्ही मला बघायला हवं.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. फोन तुम्ही काकांना देता, घरी आले की ताट वाढता, पण ओट्यावर अर्धं वाचून झालेला कागद चारचौघींसमोर तुम्हाला काढून घेता येत नाही, कारण या घरात झाकण्यासारखं काही नाही. म्हणून मी वरचं सगळं कौतुक आधी लिहिलं. त्यातलं एक अक्षर खोटं नाही, पण तुम्ही शेवटपर्यंत बसून राहावं म्हणून ते लांबवलं खरं. रुग्णाची गोष्ट बाहेर बोलायची नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. तो मी आज मोडला आहे. माझ्या साहेबांना तुम्ही हे सांगितलंत तर माझी नोकरी जाईल, आणि तुमचा तेवढा राग माझ्यावर निघाला तरी मला चालेल. काका, तुम्हीही ऐकत असाल, तो चष्मा नव्हता. पिंकी, रडू नकोस, नाहीतर आजीला वाटेल की काहीतरी भयंकर आहे. भयंकर नाही, फक्त उशीर करायचा नाही. आणि तुळजाबाई, आणि सुपं खाली ठेवून बसलेल्या तुम्ही सगळ्या, आता ही बाई तुमच्या ताब्यात. येत्या गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन दारात उभी असेन. तुमच्यातल्या किती जणी येणार ते मी विचारत नाही, दोन गाड्या लागल्या तर दोन आणीन. मावशी मात्र पहिल्या गाडीत.

तुमचीच,
जान्हवी